‘स्मृतिस्थळ’ : एका वस्तीने लिहिलेला आपला इतिहास

वऱ्हाडचा इतिहास बहुधा बाहेरच्या कागदपत्रांतून लिहिला गेला आहे. अंजनगाव सुर्जीचे उदाहरण घ्यावे. या गावाचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात आले ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे. त्याच्या आधी महिनाभर अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला, आणि मग अंजनगाव सुर्जीचा मुक्काम. तहाच्या कलमांत दिल्ली, आग्रा, भडोच व अहमदनगर यांचा निकाल आहे; पण ज्या गावाचे नाव तहाला मिळाले त्या गावातील पानमळे, तेथील बाजारपेठ, देवनाथांचा मठ, यांचा त्या कागदाशी काही संबंध नाही. तह लिहिणारांना तेथे राहावयाचे नव्हते. जे राहतात त्यांनीच आपल्या राहण्याचा वृत्तांत लिहून ठेवावा, हा प्रकार आपल्याकडे विरळा. म्हणूनच याच जिल्ह्यात, अंजनगावच्या पूर्वेस मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात एकत्र आलेल्या मंडळींनी मागे ठेवलेले गद्य ग्रंथ असामान्य मोलाचे ठरतात.

हे ग्रंथ महानुभावांचे. श्रीचक्रधरांच्या आठवणींचा म्हाइंभटकृत ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ, त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांच्या लीळांचे चरित्र, आणि या दोघांच्या पश्चात आचार्य नागदेव ऊर्फ भटोबास यांच्या भोवती जमलेल्या शिष्यपरिवाराच्या आठवणींचे ‘स्मृतिस्थळ’, असा हा क्रम आहे. यांपैकी पहिल्या दोन ग्रंथांचा केंद्रबिंदू ईश्वरावतार मानलेला पुरुष आहे. तिसऱ्याचा केंद्रबिंदू त्याचे नसणे हा आहे. ॲन फेल्डहाउस व शं. गो. तुळपुळे यांनी १९९२ मध्ये ‘स्मृतिस्थळा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा त्याला ‘देवाच्या अनुपस्थितीत’ या अर्थाचे नाव दिले. हे नाव मूळ ग्रंथाचे नसले तरी त्याच्या विषयावर नेमके बोट ठेवणारे आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनी महाराष्ट्राचा निरोप घेतला. संप्रदायाच्या श्रद्धेप्रमाणे ते उत्तरापंथे गेले. त्यांच्या मागे राहिलेली मंडळी रिद्धपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. वेड्यासारखे वागणारा, कोणाच्याही घरात शिरून हाती लागेल ते खाणारा, देवळादेवळांतून हिंडणारा हा वृद्ध पुरुष त्यांचे एकमेव आधारस्थान होता. येथेच महदाइसेने गोविंदप्रभूंच्या विवाहखेळाच्या निमित्ताने धवळे रचले. येथेच वाजेश्वरीच्या स्थानी म्हाइंभटांनी नागदेवांकडून लीळा ऐकून लिहून घेतल्या, असे परंपरा मानते. १२८७-८८ च्या सुमारास गोविंदप्रभूही गेले. तेव्हापासून नागदेवांच्या निर्वाणापर्यंतचा काळ हा ‘स्मृतिस्थळा’चा विषय आहे. अडीचशेच्या वर लहानलहान स्मृती, कोणतीही एका पानाहून फारशी मोठी नाही, एवढाच त्याचा बांधा. संकलनाला एकाहून अधिक हात लागले आहेत. वा. ना. देशपांडे यांनी १९३९ मध्ये तो प्रथम संपादून प्रसिद्ध केला.

तेव्हापासून ‘स्मृतिस्थळ’ वाचला गेला तो मुख्यतः साधन म्हणून. कवींचा कालनिर्णय करणाऱ्यांनी त्यातून नरेंद्र घेतला, स्त्रीसाहित्याच्या अभ्यासकांनी महदाइसा घेतली, आणि मराठीच्या अभिमान्यांनी नागदेवांचे संस्कृतविषयीचे उद्गार घेतले. एखाद्या वाड्याचे सागवान उपसून प्रत्येकाने आपापल्या घराला लावावे आणि वाडा कसा होता हे कोणी विचारू नये, तसा हा प्रकार झाला आहे. उपसलेल्या तुळया उपयोगी पडल्या हे खरे. परंतु त्यामुळे काही तुळयांचा मूळ हेतूच विसरला गेला.

यातील सर्वांत प्रसिद्ध तुळई म्हणजे केशोबासांना नागदेवांनी दिलेले उत्तर. केशोबास हे संस्कृतज्ञ पंडित. संप्रदायाचे तत्त्वज्ञान त्यांनी संस्कृतात लिहावयास घेतले असता नागदेवांनी त्यांना थांबविले, आणि कारण सांगितले ते असे की, असे केल्यास आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. मराठी विभागांच्या भित्तिपत्रकांपासून संमेलनांच्या भाषणांपर्यंत हा प्रसंग मराठी भाषेच्या अस्मितेचे पहिले घोषणापत्र म्हणून सांगितला जातो. रिद्धपूर येथे अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाल्यावर तर तो अधिकच ऐकू येऊ लागला आहे. तथापि ‘स्मृतिस्थळ’ सलग वाचणाऱ्यास या अर्थाविषयी शंका आल्यावाचून राहत नाही.

पहिली गोष्ट, नागदेवांच्या उत्तरात भाषेची थोरवी कोठेही नाही. तेथे चिंता आहे ती माणसांची, आणि क्रियापद आहे लुबाडले जाण्याचे. म्हाताऱ्या म्हणजे तरी कोण? नागदेवांची आई आबाइसा, बहीण उमाइसा, चुलतबहीण महदाइसा, आणि अशाच घरदार सोडून आलेल्या, भिक्षेवर राहणाऱ्या कितीएक वृद्ध स्त्रिया. चक्रधरांचे बोलणे त्यांनी प्रत्यक्ष ऐकले होते. त्यांच्याजवळ त्या ऐकण्याखेरीज दुसरे धन नव्हते. तेच बोलणे पंडितांनी अशा भाषेत बांधले की ज्यात या स्त्रियांना प्रवेश नाही, तर त्यांचे त्यांच्या डोळ्यांदेखत हिरावून घेतले जाणार होते. ‘नागवणे’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही.

दुसरी गोष्ट, याच केशोबासांचे ‘रत्नमालास्तोत्र’ संस्कृतात आहे आणि ते संप्रदायाने आदराने जतन केले. संस्कृतातील स्तुतीला अडचण नव्हती. शास्त्र मात्र सर्वांच्या कानी पडले पाहिजे, असा हा भेद आहे. पुढे केशोबासांनीच ‘लीळाचरित्रा’तील वचने वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, आणि तो मराठीत. म्हणजे नागदेवांच्या आज्ञेचा परिणाम ग्रंथरूपाने आज आपल्यापुढे आहे. घोषणेचे स्वरूप तिला मागाहून मिळाले.

तिसरी गोष्ट किंचित गुंतागुंतीची आहे. पंडितबास व केशोबास यांच्या संस्कृत बोलीला उत्तर देताना नागदेवांनी दुसऱ्या एका स्मृतीत असे सांगितले आहे की, आपल्याला ती भाषा कळत नाही, चक्रधरांनी आपल्याला मराठीत निरूपण केले, तेव्हा त्याच भाषेत विचारावे. येथे मात्र मराठीला वेगळे पावित्र्य येते. कारण देवच ती बोलला. दोन्ही उत्तरे एकत्र ठेवली म्हणजे नागदेवांची भूमिका स्पष्ट होते. मराठी ही त्यांना एकाच वेळी सर्वांत पवित्र आणि सर्वांत सुलभ भाषा होती. हा योग फार थोड्या धर्मपंथांच्या वाट्याला आला.

याचे महत्त्व लक्षात यावे म्हणून येथे एका दूरच्या ग्रंथाकडे वळणे उपयुक्त ठरेल. विल्यम ब्रॅडफर्ड या प्यूरिटन गृहस्थाने ‘ऑफ प्लिमथ प्लँटेशन’ या नावाने आपल्या वसाहतीचा इतिहास लिहिला. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेली स्क्रूबी या खेड्याच्या परिसरातील एक लहानशी मंडळी १६०८ मध्ये हॉलंडला पळाली, लायडन येथे दशकभर राहिली, आणि तिच्यातील काहीजण १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले. जहाजावर १०२ प्रवासी होते; पहिल्या हिवाळ्यात त्यांतील सुमारे निम्मे दगावले. पहिला गव्हर्नर कार्व्हर १६२१ मध्ये वारल्यावर ब्रॅडफर्डची निवड झाली आणि १६५७ मध्ये मरेपर्यंत बहुतेक वर्षे तोच त्या वसाहतीचा कारभारी राहिला. १६३० मध्ये त्याने लेखनास प्रारंभ केला. छळ, स्थलांतर, दैवी योजनेवरील अढळ श्रद्धा, राज्यसत्तेकडे पाठ फिरवून स्वतःचे नियम स्वतः पाळणारी मंडळी, या सर्व बाबतींत रिद्धपूरचा शिष्यपरिवार आणि प्लिमथची मंडळी यांच्यातील साम्य वरवरचे नाही. साम्यापेक्षाही त्यांच्यातील अंतर ‘स्मृतिस्थळा’च्या वाचनाला अधिक उपकारक आहे.

ब्रॅडफर्डनेही प्रारंभीच सांगून ठेवले आहे की आपण साध्या शैलीत लिहू आणि सत्याकडे लक्ष ठेवू. त्याचे इंग्रजी खरोखरच साधे, भारदस्त व बायबलच्या वळणाचे आहे. पण हाच मनुष्य म्हातारपणी हिब्रू शिकू लागला; देवाने प्राचीन काळी ज्या भाषेत संवाद केला ती आपल्या डोळ्यांनी पाहावी, अशी त्याची तळमळ होती. त्याच्या हस्तलिखिताच्या आरंभीच्या पानांवर हिब्रू शब्दांचे गिरवलेले उतारे आहेत. म्हणजे रोजच्या व्यवहाराची भाषा एक आणि देवाची भाषा दुसरी, ही फट प्यूरिटन मनातही राहिलीच. वऱ्हाडातील आबाइसेला देवाची भाषा शिकावी लागली नाही. ती तिला येतच होती. तेवढी कोणी हिरावू नये इतकेच पाहावयाचे होते.

आता मौनाविषयी. ब्रॅडफर्डची पत्नी डॉरथी डिसेंबर १६२० मध्ये, जहाज किनाऱ्याजवळ नांगरलेले असता, समुद्रात बुडून मरण पावली. नवऱ्याने लिहिलेल्या त्या वर्षाच्या वृत्तांतात या घटनेला जागा नाही. तो स्वतःचा उल्लेखही बहुधा ‘गव्हर्नर’ असाच करतो. हे मौन समीक्षकांनी कधी धैर्य म्हणून, कधी कोरडेपणा म्हणून वाचले आहे. काहीही असो, कारभाऱ्याने लिहिलेल्या इतिहासाला ही मर्यादा असणारच. ‘स्मृतिस्थळ’ कारभाऱ्याने लिहिलेला नाही. कारभाऱ्याविषयी इतरांनी लिहिलेला आहे. त्यामुळे नागदेवांचा शोक त्यात उघडा पडतो. गुरूच्या वियोगाने विकल झालेले, ज्या ज्या जागी चक्रधर बसले-उठले त्या त्या जागी जाऊन व्याकूळ होणारे, कधी रागावणारे, कधी मुलासारखे हट्ट धरणारे नागदेव संकलकांनी लपविले नाहीत. आचार्याची प्रतिष्ठा सांभाळावी हा हेतू त्यांना सुचलाच नसावा, कारण त्यांच्या दृष्टीने या शोकातच त्यांच्या अधिकाराचे मूळ होते. ज्याला सर्वांत जास्त दुःख झाले तो सर्वांना धरून ठेवणारा, हा या ग्रंथातील नेतृत्वाचा सिद्धान्त कोठेही शब्दांत मांडलेला नाही. प्रसंगांच्या निवडीतून तो दिसून येतो.

महदाइसेविषयीच्या स्मृतीही याच दृष्टीने वाचाव्यात. ती प्रश्न विचारते, पुन्हा विचारते, आणि नागदेव तिच्या जिज्ञासेची वाखाणणी करतात. ही वाखाणणी आद्य कवयित्रीला मिळालेले प्रशस्तिपत्र म्हणून उद्धृत होते. परंतु ज्या मंडळीचा गुरू परत येणार नाही आणि ज्यांच्याजवळ त्याचे बोलणे तेवढे उरले आहे, त्यांच्यात विचारणारी म्हातारी ही शोभेची नसून गरजेची व्यक्ती आहे. तिने विचारले नसते तर कित्येक अर्थ सांगितलेच गेले नसते.

नरेंद्राची कथा अधिक रंगतदार, म्हणून तिच्यावर अन्यायही अधिक झाला आहे. देवगिरीच्या रामदेवराय यादवाच्या सभेत नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचले. राजाने ओवीमागे सुवर्णनाणे देऊ करून काव्यावर आपले नाव घालण्यास सांगितले. असे केल्यास कवींच्या कुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने नकार दिला. मूळ पोथी राजाकडे ठेवून जाण्यापूर्वी रातोरात जेवढे उतरले तेवढे सोबत आले, आणि म्हणून हे काव्य सुमारे नऊशे ओव्यांचेच उरले, असे सांगितले जाते. आपण ही कथा कवीच्या स्वाभिमानाची म्हणून शिकवितो. ‘स्मृतिस्थळा’ला मात्र कवीच्या स्वाभिमानापेक्षा, तो येथे कसा आला याचे महत्त्व वाटते. दरबारातून निघालेली वाट नागदेवांपाशी येऊन थांबते. अपुरे काव्य ही आत येण्याची किंमत आहे. या वस्तीत येणारा प्रत्येकजण काही ना काही मागे टाकून आला आहे. कोणी शेत, कोणी नवरा, कोणी पांडित्य; नरेंद्राने आपल्या ओव्या टाकल्या. संकलकांनी त्याला विशेष वागणूक दिलेली नाही. भिक्षा, वस्त्र, आजारपण, नातलगांची ओढ, अशा स्मृतींच्या रांगेतच त्याची स्मृती बसते, आणि या रांगेतून उचलली की तिचा अर्थ बदलतो.

या ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. सन-तारखांची त्याला पर्वा नाही. प्रसंगांचा क्रम अनेकदा सैल आहे. एकाच गोष्टीचे दोन पाठ शेजारी आले तरी त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न नाही. ब्रॅडफर्ड वर्षवार लिहितो, पत्रे उतरून घेतो, हिशेब देतो, सावकारांशी झालेले वाद पानेच्या पाने मांडतो. इतिहास या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ धरला तर त्याचा ग्रंथ निःसंशय वरचढ आहे. पण त्याच्या ग्रंथात बोलणारा आवाज एकच आहे. ‘स्मृतिस्थळा’तील आवाज मोजता येत नाहीत, आणि ज्याने पाहिले त्याच्या नावावर आठवण जमा करण्याची महानुभावांची शिस्त त्यामागे आहे. ‘लीळाचरित्रा’तील ‘शोधु’ हा प्रकार सर्वांस ठाऊक आहे. एकाने असे सांगितले, दुसरी असे म्हणते, एवढी नोंद करून म्हाइंभट पुढे जातात. कोणते खरे हे दडपून ठरवीत नाहीत. ब्रॅडफर्डच्या पाठीशी वसाहतीचा अधिकार होता. म्हाइंभटांना दारोदार विचारीत फिरावे लागले. त्यांच्या गद्याचा विनय हा या फिरण्यातून आलेला आहे.

दोन्ही वस्त्या फुटल्या. प्लिमथ जमिनीपायी फुटली. १६३२ च्या वृत्तांतात ब्रॅडफर्ड खेदाने लिहितो की गुरेढोरे वाढली, धान्याला भाव आला, प्रत्येकाला अधिक रान हवेसे झाले आणि माणसे दूर दूर जाऊन राहू लागली. १६४४ मध्ये तर मूळ चर्चमधील कितीएक कुटुंबे नॉसेटला निघून गेली. उरलेल्या चर्चची तुलना त्याने मुलांनी टाकून दिलेल्या वृद्ध मातेशी केली आहे. पहिल्या काळातील एका पत्रात परस्परांच्या पवित्र बंधनाचा उल्लेख आहे. ते पत्र उतरून घेतल्यावर बऱ्याच वर्षांनी, त्याच पानासमोरच्या कोऱ्या जागेवर, ते बंधन सैल झाल्याबद्दलचा आपला विलाप त्याने लिहून ठेवला. ग्रंथातील सर्वांत हृदयस्पर्शी मजकूर तो हाच, आणि तो मूळ मजकुराच्या बाहेर आहे.

महानुभावांजवळ जमीन नव्हती. संग्रह नसावा, एका ठिकाणी राहू नये, असा त्यांचा आचार. तेथे रानापायी भांडण होणे शक्य नव्हते. फूट पडली ती पाठ आणि अन्वय यांवरून. गुरूचे शब्द कोणाजवळ शुद्ध उतरले, अर्थ कोणाचा धरावा, नागदेवांनंतर बाइदेवबास, बाइदेवांनंतर कवीश्वर भास्करभट्ट, आणि त्यापुढे कोण. या वाटेने तेरा आम्नायांची मोजणी सुरू झाली. याच प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी पुढे ‘अन्वयस्थळा’सारखे ग्रंथ निर्माण झाले. (अंजनगावच्या देवनाथ मठात गुरूमागून शिष्य गादीवर येतो आणि देवनाथांनंतर दयाळनाथ हा क्रम सहज सांगता येतो. गादीची सोय नसलेल्या मंडळीला हाच क्रम शब्दांच्या जोरावर सिद्ध करावा लागला.) ‘स्मृतिस्थळा’चे संकलन या घडामोडींच्या छायेत झालेले आहे. सर्व मंडळी एकाच नागदेवांभोवती बसलेली आहेत, हे चित्र म्हणूनच इतक्या हौसेने पुन्हा पुन्हा रंगविले गेले असावे. मात्र एकोपा दाखविण्यासाठी संकलकांनी मतभेद पुसून टाकले नाहीत. कोण कोणावर रुसले, कोणाला काय बोलावे लागले, हे त्यांनी तसेच राहू दिले. वाङ्मयीन दृष्ट्या हाच त्यांचा मोठा गुण. आठवणीत ठेवण्याजोगे काय, या प्रश्नाला त्यांनी लहानसहान कटकटींसह उत्तर दिले आहे.

दोन्ही ग्रंथांच्या हस्तलिखितांचे प्राक्तनही चमत्कारिक आहे. ब्रॅडफर्डची वही बॉस्टनमधील एका चर्चच्या संग्रहातून अमेरिकन राज्यक्रांतीच्या धामधुमीत नाहीशी झाली. ती १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलम येथील ग्रंथालयात असल्याचे उघडकीस आले, १८५६ मध्ये छापली गेली आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आली. ज्या चर्चपासून पळून लेखकाने आयुष्य काढले त्याच चर्चच्या एका अधिकाऱ्याने ती सांभाळली, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने योजला असता तर अतिरंजित वाटला असता. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी खिलजी फौजांच्या धामधुमीत हरवली, ती पुन्हा उभी राहिली अनुयायांच्या पाठांतरातून, त्या पाठांपैकी एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. नागदेवांनी ज्यांना नागवू दिले नाही त्यांच्यातीलच एकीने ग्रंथ परत दिला, असे येथे म्हणता येईल. पुढे पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची किल्ली संशोधकांच्या हाती येईपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकास या वाङ्मयाचा पत्ता नव्हता. य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ चा, ह. ना. नेने, वि. भि. कोलते प्रभृतींची संपादने त्यानंतरची.

ब्रॅडफर्डच्या वहीत १६४६ चा वृत्तांत त्याचा जुना सहकारी विन्स्लो इंग्लंडला निघून गेला, तो परत आलाच नाही, या नोंदीने संपतो. पुढे १६४७ व १६४८ या सनांचे मथळे घातलेले आहेत, आणि त्यांखाली कोरा कागद आहे. ‘स्मृतिस्थळ’ नागदेवांच्या निर्वाणापाशी थांबते. त्याच्या पोथ्यांत मात्र पुढच्या हातांनी उतरताना कोठे एखादा शब्द, कोठे एखादा पाठभेद घातलेला आढळतो.